स्पोर्ट्स कारची चाके आणि मडगार्डची आतली बाजू कशी धुवावी

मुंबईत स्पोर्ट्स कार पळते कमी आणि ब्रेक लावत सरकते जास्त. तिच्या चाकांवर बसणारी काळी भुकटी मुख्यतः त्या ब्रेकचीच असते. ब्रेकचा पॅड ओतीव लोखंडाच्या डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर, घासला गेला की तापलेले सूक्ष्म कण उडतात, चाकाच्या लॅकरला, म्हणजे वरच्या पारदर्शक संरक्षक थराला, चिकटतात आणि आपल्या दमट, खाऱ्या हवेत तिथेच गंजू लागतात. आठवडाभराची भुकटी साध्या कार शाम्पूने निघते. ती महिनोन्महिने राहिली की तिचे तपकिरी ठिपके बनतात आणि मग घासण्याने ठिपके जात नाहीत, ओरखडे मात्र उमटतात. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्ह किंवा वरळी सीफेसवर लाटांचे पाणी रस्त्यावर येते. त्यातून गाडी नेली असेल, तर बाकीचे काम रविवारवर ढकलले तरी चालेल, पण मडगार्डच्या आत आणि चाकांवर साधे पाणी त्याच दिवशी मारावे.

गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर चाके व डिस्क हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या डिस्कवर एकदम थंड पाणी पडल्यास ती वाकण्याचा धोका असतो, आणि गरम चाकावर टाकलेले कोणतेही रसायन वाळून डाग धरते. बऱ्याच सोसायट्यांमध्ये पार्किंगला नळी लावू देत नाहीत; अशा ठिकाणी झाडांना औषध मारायचा पाच लिटरचा हातपंप आणि दोन बादल्या यांवर हे काम नीट भागते. या बादल्या, ब्रश आणि फडकी चाकांसाठीच वेगळी ठेवावीत, कारण चाकाच्या फडक्यातला एक लोखंडी कणही बॉनेटचा रंग खरवडण्यास पुरेसा असतो.

सुरुवात दर्शनी भागापासून करण्याचा मोह होतो, पण तो आवरावा आणि आधी मडगार्डची आतली बाजू घ्यावी, कारण तिथला चिखल धुतल्यावर तो चाकावरच ओघळणार असतो. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की पुढच्या चाकामागे हात घालण्याइतकी जागा मिळते. आतले अस्तर प्लॅस्टिकचे असेल तर शाम्पूचे पाणी फवारून लांब दांड्याच्या ब्रशने घासावे. काही गाड्यांत मात्र आवाज कमी करण्यासाठी नमद्यासारखे कापडी अस्तर असते. ते चोळू नये, भरपूर पाण्याने चिखल सुटू द्यावा आणि त्यावर कोणतेही चकाकीचे द्रव्य लावू नये. मडगार्डच्या कडेची आत दुमडलेली पट्टी बोटाने चाचपून पाहावी. मेट्रोच्या बांधकामांजवळून जाताना उडालेला सिमेंटमिश्रित चिखल तिथेच साचतो, ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. धुलाई केंद्रांत गाडीखाली डिझेल फवारण्याची जी पद्धत आहे, ती ठामपणे नाकारावी. त्याने खालची बाजू दोन दिवस काळीभोर दिसते, पण सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश फुगतात आणि डिस्कवर तेलकट थर गेला तर ब्रेक लागणेच अवघड होते.

आता चाक. पाण्याने सैल भुकटी वाहून गेल्यावर लोखंडाचे कण विरघळवणारा, आम्लविरहित क्लीनर चाकाच्या आतल्या पिंपावर, म्हणजे आऱ्यांच्या मागच्या गोल भिंतीवर, आधी फवारावा. लोखंडाशी संयोग होताच तो जांभळा होऊन ओघळू लागतो आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणून हातमोजे घालावेत आणि बंदिस्त तळघरात हे काम करू नये. तीन ते पाच मिनिटे पुरतात. तो वाळण्याआधी मऊ, बारीक ब्रशने घासून धुवावा, आणि ठिपके उरलेच तर जोर वाढवण्याऐवजी पुन्हा एकदा फवारावे. आत चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांवर ब्रश हलका चालवावा, कारण एखादे जरी गळले तरी वेगात स्टीअरिंग थरथरते. स्वस्त मिळणारे आम्लाचे क्लीनर मिनिटात चाक उजळवतात, पण लॅकर पांढरट करून सोडतात. कार्बन सिरॅमिक डिस्क असल्यास क्लीनर तिच्यावर उडू देऊ नये आणि गाडीच्या पुस्तिकेत काय सांगितले आहे ते आधी पाहावे.

दर्शनी आरे आणि नटांची भोके यांना फारसे कष्ट लागत नाहीत. रंगकामाच्या जुन्या मऊ ब्रशने नटांभोवतीचा मळ निघतो. रस्त्याच्या डांबराचे थेंब टार रिमूव्हरने भिजवून पुसावेत. टायरची बाजू तपकिरी दिसत असेल तर तो मळ नव्हे, रबरातून वर आलेले संरक्षक द्रव्य असते, आणि ते ताठ ब्रशने फेस पांढरा येईपर्यंत घासल्यावरच जाते.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, चाके काढून आतली बाजू स्वच्छ करणे उत्तम. मात्र हे काम प्रत्येकाने घरी करावे असे मला वाटत नाही. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते, त्यामुळे जॅकही नसतो, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालणे जिवावर बेतू शकते. शिवाय नट ठरावीक जोरानेच आवळावे लागतात. पोर्शेच्या ९११ जीटी३सारख्या, एकाच मध्यवर्ती नटाच्या चाकाला तर ६०० न्यूटन-मीटर जोर लागतो, जो घरच्या पान्याचा विषय नाही.

चाके पूर्ण कोरडी करून लॅकरवर सीलंटचा, म्हणजे संरक्षक द्रव्याचा, पातळ थर द्यावा. मॅट चाकांना मेण लावू नये, ठिकठिकाणी चमक येते. टायरला पाण्यावर आधारित ड्रेसिंग स्पंजने फक्त बाजूला लावावे, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर मुळीच नाही. शेवटी गाडी लगेच झाकून न ठेवता आवाराबाहेर एक फेरी मारावी आणि हलके ब्रेक लावत डिस्क वाळवावी, कारण ओल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून गाडी उभी केली, तर इथल्या दमटपणात सकाळपर्यंत पॅड डिस्कला चिकटलेले सापडतात.