इब्रुटिनिबची गोळी चालू असताना घरी काय पाहायचं

ही रक्ताच्या कॅन्सरवरची गोळी सलाईनवाल्या केमोसारखी नाही, रोज घरीच घ्यायची असते, म्हणून लक्षही घरच्यांनाच ठेवावं लागते. रोज एकाच टायमाला, गिलासभर पाण्यासोबत, कॅप्सूल न फोडता. विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी डबल नाही.

अंगावर निळे डाग लय उठतात. औषध बीटीके नावाचं प्रोटीन अडवते अन ते रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटमध्येही असते, त्याच्यानं कापूस वेचताना बोंडाचं टोक लागलं तरी रक्त लवकर थांबत नाही. आमच्या बाबांच्या हाताला बैलाचं दावं जोरात घासलं तरी निळं पडते. एवढ्यानं घाबरू नका, पण काळी संडास, लघवीत रक्त, डोक्याला मार किंवा अचानक जोराचं डोकं दुखणं, असं काही झालं तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, 108 लावा. दात काढायचा असन तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरला विचारा, अशा कामाच्या आधी अन नंतर 3 ते 7 दिवस गोळी थांबवतात, पण किती ते त्यांनीच सांगायचं. अन हिरड्यातून रक्त येत असताना खर्रा तोंडात, असं नका करू बाप्पा.

सांधे दुखतात, मग लोक मेडिकलमधून डायक्लोफिनॅक नाहीतर अ‍ॅस्पिरिन आणतात, काहून का ते सवयीचं. त्यानं रक्त जायचा धोका वाढते. पॅरासिटामॉलही विचारूनच, ताप असन तर तो दबून जाते अन इन्फेक्शन लपते. 100.4 च्या वर ताप गेला की सरळ डॉक्टरला फोन.

संडास पातळ होते, सुरुवातीला जास्त. ओआरएस, ताक, पेज. दिवसभर थांबलीच नाही तर कळवा. छातीत धडधड, चक्कर आली तर लगेच दाखवा, ठोका बिघडू शकते. बीपी मधून मधून आशाताईकडून मोजून घ्या.

संत्र्याचं सगळेच विचारतात. मनाई ग्रेपफ्रूट अन सेव्हिल नावाच्या कडू संत्र्याची आहे, त्यानं औषध रक्तात वाढते. आपलं नागपुरी संत्रं वेगळं, ते त्यात नाही. मार्मालेड (कडू संत्र्याचा जॅम) मात्र नको.

अन सीएलएलमध्ये (हा रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) पहिल्या काही आठवड्यांत रिपोर्टात लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वाढलेले दिसतात. गाठीतल्या पेशी रक्तात येतात म्हणून बरेचदा असं होते, गाठी तर कमीच होत असतात. लॅबवाला काहीही म्हणो, गोळी बंद करू नका, रिपोर्टचा फोटो डॉक्टरला पाठवा.