एएफसीआय बसवायला इलेक्ट्रिशियन येण्याआधी

अमेरिकेत जुनं घर घेतलंय आणि स्वयंपाकघर नव्याने करायचंय, तर कोटेशनमध्ये ‘एएफसीआय ब्रेकर’ (वायरीतली ठिणगी ओळखून वीज तोडणारा ब्रेकर) बहुतेक येईलच. साध्या ब्रेकरच्या कितीतरी पट किंमत बघून ती ओळ खोडावीशी वाटते. खोडू नका, त्याऐवजी आधी थोडी तयारी करा.

पहिला फोन गावच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला. नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, म्हणजे तिथल्या वायरिंगच्या नियमांचं पुस्तक, दर तीन वर्षांनी नवा निघतो, पण तुमच्याकडे कुठली आवृत्ती चालते आणि राज्याने त्यात काय कापलंय, ते तेच सांगतील. परमिटचंही तेव्हाच विचारा. १९९९ च्या कोडमध्ये हे संरक्षण बेडरूमपुरतं होतं. २००८ मध्ये लिव्हिंग रूम, डायनिंग, हॉलवे, क्लोझेट आले, २०१४ मध्ये किचन आणि लाँड्री. सगळं १२० व्होल्टच्या, १५ आणि २० अँपिअरच्या सर्किटांबद्दल. बाथरूम, गराज, अंगण यात नाही, तिथे जीएफसीआय.

या दोघांत गल्लत नको. जीएफसीआय आपल्याकडच्या ईएलसीबीच्या जातीचा: करंट अंगातून जमिनीत जायला लागला की तोडतो. एएफसीआय ठिणगी ओळखतो. सोफ्याच्या पायाखाली चेचलेल्या वायरीत ठिणग्या उडत असल्या तरी करंट दिव्यातून किंवा हीटरमधून नेहमीएवढाच जातो, म्हणून साधा ब्रेकर ढिम्म हलत नाही. ‘कॉम्बिनेशन’ छापलेला ब्रेकर एका वायरीतली आणि दोन वायरींमधली, अशा दोन्ही ठिणग्या पकडतो. जीएफसीआयचं काम मात्र करत नाही. किचनला दोन्ही लागतं, तेव्हा कोटेशनमध्ये ‘ड्युअल फंक्शन’ लिहून घ्या.

पॅनेलचं (ब्रेकरच्या पेटीचं) दार उघडून आतल्या लेबलचा फोटो काढा (पत्र्याचं कव्हर काढायचं नाही). त्या पॅनेलला मान्य असलेलाच ब्रेकर बसवायचा. दुसऱ्या कंपनीचा खाचेत बसतो, एवढ्यावर जाऊ नका. मग घरच्या कुणालातरी खोल्यांतून फिरवा, एकेक ब्रेकर बंद करा, काय काय गेलं ते लिहा. जुन्या घरात कधीकधी दोन सर्किटं मिळून एकच न्यूट्रल असतो. तिथे एकेरी एएफसीआय लावला की उगाच पडत राहतो, टू-पोल (दोन्ही सर्किटं एकत्र सांभाळणारा) लागतो. हे भाव ठरण्याआधी तपासून घ्या, नाहीतर ‘एक्स्ट्रा वर्क’ म्हणून बिलात येतं. अर्थिंग नसलेली दोन वायरींची जुनी जोडणी असेल तरी एएफसीआय चालतो.

लोक हमखास फसतात ते एका ठिकाणी: आता एएफसीआय लागणाऱ्या जागी नुसता जुना आउटलेट बदलला, तरी नव्याला हे संरक्षण द्यावं लागतं. जुनं सर्किट लांबवताना मात्र ६ फुटांपर्यंतच वायर वाढवली आणि नवा आउटलेट जोडला नाही, तर सूट मिळते.

आता आपल्या घरातल्या वायरी. दिवाळीला आकाशकंदिलाची वायर खिडकीच्या फटीत दाबलेली, गणपतीच्या माळांची गालिच्याखालून नेलेली. वायरीवर सपाट झालेली जागा किंवा प्लगच्या पिनांशी तपकिरी डाग दिसला तर ती फेकाच. चिकटपट्टी गुंडाळून वापरू नका.

मोटरवाल्या वस्तूंची वेगळी यादी करा: व्हॅक्यूम, ट्रेडमिल, भारतातून आणलेला आणि ट्रान्सफॉर्मरवर चालणारा मिक्सर. मोटरच्या ब्रशांशी थोडी ठिणगी उडतेच आणि कधीकधी ब्रेकर तिलाही भितो. इलेक्ट्रिशियन घरात असतानाच चटणी वाटून बघा. पुढे ब्रेकर पडू लागला तर त्या वेळी काय चालू होतं ते टिपून ठेवा. काही ब्रेकर दिवा लुकलुकवून कारण सांगतात. कुणी ‘साधा टाकून देतो’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. अनेकदा आत कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलेला असतो, तो शोधायला लावा.

इन्स्पेक्शन झालं की महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबायचं. त्याआधी घरून काम करणाऱ्यांना हाक मारा, नाहीतर त्यांची मीटिंग मधेच तुटेल.