फॅमूची मॅच बघायला ब्रॅग स्टेडियमला जाताय? मग आधी हे वाचा

फ्लोरिडातल्या टॅलाहासीला इंजिनिअरिंगला आलेल्या मराठी पोरापोरींनो, आपलं कॉलेज एफएसयू (फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटी) आणि फॅमू (फ्लोरिडा ए अँड एम युनिव्हर्सिटी) दोघांचं मिळून आहे, पण अमेरिकन फुटबॉलची मॅच म्हटली की सगळे एफएसयूच्याच. एकदा फॅमूच्या ब्रॅग मेमोरियलला जाच. 1957 चं स्टेडियम, साधारण 20 हजार माणसं बसतात. फॅमू 1887 ला सुरू झाली ती ब्लॅक मुलांना गोऱ्यांच्या कॉलेजात घेतच नव्हते म्हणून, त्यामुळे इथली मॅच म्हणजे आजीपासून नातवंडांपर्यंत अख्ख्या घराचा कार्यक्रम असतो.

पहिल्यांदाच जात असाल तर होमकमिंगची, म्हणजे माजी विद्यार्थी परत येतात ती वर्षातली खास मॅच नको. गर्दी तुफान, पार्किंग मिळत नाही. साधी मॅच धरा, तिकीट ऑनलाइन काढा, बॅग पारदर्शकच न्या. कपडे केशरी किंवा हिरवे, एफएसयूचा मरून टीशर्ट त्या दिवशी घरीच राहू दे. सप्टेंबरात ऊन मरणाचं असतं, टोपी आणि सनस्क्रीन पाहिजेच, छत्रीऐवजी रेनकोट घ्या. जवळपास वीज चमकली की मॅच निदान अर्धा तास थांबवतात, तेवढ्यात घरी पळू नका.

दोन तास आधी पोचा, कारण बाहेर टेलगेट असतं, म्हणजे गाड्यांमागे चुली पेटवून मासे तळणं, रिब्ज भाजणं, मोठमोठ्याने गाणी. कुणी या म्हणालं तर लाजू नका, जा, गप्पा मारा, जुन्या मंडळींना फॅमूचे जुने नामांकित फुटबॉल कोच जेक गेदर यांच्याबद्दल विचारा, मग बघा कसे खुलतात ते.

फुटबॉल कळत नसेल तरी चालेल, चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं एवढं पुरे. टीमचं नाव रॅटलर्स, म्हणजे शेपटी वाजवणारा साप, म्हणून लोक हाताने डंख मारल्यासारखं करत 'स्ट्राइक' ओरडतात, तुम्हीही ओरडा.

आणि हाफटाइमला जागेवरून हलायचं नाही! खायचं-प्यायचं सगळं त्याच्या आधी आणून ठेवा. तेव्हा मैदानात उतरतो फॅमूचा बँड, मार्चिंग 100. तो विल्यम फॉस्टर सरांनी 1946 ला उभा केला, 1989 ला फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसच्या परेडमध्ये वाजवून आलेत हे लोक. नाव 100 पण मैदानावर शेकडो जण. जागा वरच्या रांगेत घ्या, तिथूनच आकृत्या नीट दिसतात. आधी इतक्या संथ चालतात की एकेक गुडघा वर येऊन हवेत थांबलेला दिसतो, आणि मग एकदम इतका वेग की पाय मोजता येत नाहीत, तरी ओळ जराही वाकत नाही. ढोल-ताशात वाढलेल्या माणसाच्या अंगावर काटा येणारच.

मॅच संपली तरी बसून राहा. पुढे असतो फिफ्थ क्वार्टर, समोरची टीमही एचबीसीयूची, म्हणजे फॅमूसारख्या ब्लॅक मुलांसाठी सुरू झालेल्या कॉलेजची असेल तर दोन्ही बँड समोरासमोर आळीपाळीने वाजवतात, तोवर पार्किंगमधली गर्दीही ओसरते.