मुळांवरची गाठ सहजीवनाची की परजीवीची, हे कसे ओळखावे

सहजीवन आणि परजीविता यांतला फरक प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर मूग किंवा चवळीच्या रोपाची मुळे तपासावीत, कारण दोन्ही नात्यांच्या खुणा तेथे एकाच मुळावर आढळू शकतात आणि वरवर पाहता त्या सारख्याच गाठी वाटतात.

रोप फुलोऱ्यावर आलेले निवडावे. ते उपटू नये; उपटल्यास नेमक्या गाठी तुटून मातीतच राहतात. भोवतालची माती सैल करून रोप मातीच्या गड्ड्यासह उचलावे, पाण्यात भिजत ठेवावे आणि माती सुटली की मुळे हलक्या हाताने धुवावीत.

आता एकेक गाठ बोटाने बाजूला ढकलून पाहावी. रायझोबियम जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि सहज निघते. सूत्रकृमीमुळे, म्हणजे मातीतल्या दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमीमुळे, झालेली गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते. ती ओढल्यास मूळ तुटते. निघालेली गाठ ब्लेडने मधोमध कापावी. आतला भाग गुलाबी असेल, तर तो रंग लेगहिमोग्लोबिन या प्राणवायू वाहणाऱ्या लालसर प्रथिनाचा असून जिवाणू हवेतील नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर करत आहेत, असे समजावे. मोबदल्यात झाड त्यांना स्वतः तयार केलेले अन्न पुरवते. सुजलेला भाग मात्र सुईने अलगद उकलून भिंगाखाली धरावा. मोत्यासारखी पांढरी, फुगीर मादी दिसली, तर ती सूत्रकृमीची असते; ती झाडाच्या पेशींतून अन्न शोषते आणि परत काहीही देत नाही.

खरी कसोटी पुढे लागते. कापलेली गाठ पांढरी निघाली, तर ती कोवळी असेल किंवा तिच्यातले जिवाणू अन्न घेऊनही नायट्रोजन देत नसतील, म्हणून एका गाठीवरून निर्णय देऊ नये. असे फुकटे जिवाणू झाड निमूट पोसत नाही: 2003 साली प्रसिद्ध झालेल्या सोयाबीनवरील प्रयोगात ज्या गाठींभोवतालच्या हवेतला नायट्रोजन काढून घेतला होता, त्यांतील जिवाणूंची वाढ खुंटली आणि झाडाने त्यांचा प्राणवायू कमी केल्याचे पुरावे मिळाले. मातीत नायट्रोजनयुक्त खत भरपूर असेल, तर गाठीच कमी धरतात. तेव्हा निरीक्षणासोबत खताची नोंदही ठेवावी.

हीच पद्धत फांद्यांवरही वापरता येते. बांडगुळाची पाने हिरवी असली, तरी फांदीचा जोड उभा कापल्यास त्याची शोषक मुळे आत शिरलेली दिसतात. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडची मुळे मात्र सालीला फक्त धरून असतात.