कुत्र्याला काही पदार्थ सोसत नसतील तर ट्रीट कशी निवडायची

गोचीड-पिसवांचा बंदोबस्त झालाय आणि खाज, सारखे पंजे चाटणं, कान लाल होणं किंवा पातळ शी हे सगळं खाण्यामुळे असावं असं व्हेटने सांगितलंय, एवढं मी धरून चालतो. ते झालं नसेल तर आधी ते करा, नुसत्या ट्रीट बदलून काही होत नाही.

घरातल्या सगळ्या जुन्या ट्रीट बंद करा, उरलेलं पाकीट कुणाला तरी देऊन टाका.

व्हेटने एलिमिनेशन डाएट (कशाने त्रास होतो ते शोधायला काही आठवडे ठरावीक मोजकंच अन्न) लावलं की किमान ८ आठवडे ट्रीट म्हणून फक्त तेच द्यायचं जे त्याच्या ताटलीत आहे. हायड्रोलाइज्ड किबल (ॲलर्जी सहसा होऊ नये म्हणून प्रोटीन बारीक तोडलेलं कोरडं डॉगफूड) चालू असेल तर त्यातलेच मूठभर दाणे सकाळी बाजूला काढून ठेवा. घरी मासा आणि रताळं चालू असेल तर रताळं उकडून चकत्या वाळवा, कडक उन्हात नाहीतर ओव्हनमध्ये १०० डिग्रीला दोनेक तास, वाकतील पण मोडणार नाहीत इतपत. मासा बिनकाट्याचा, नुसता उकडलेला. बाजारातली खारवलेली सुकी मासळी नको. "बिचाऱ्याला रोज तेच काय देता" म्हणणाऱ्यांकडे साफ दुर्लक्ष करा, आपल्या हातून मिळतंय यातच कुत्रा खूश असतो.

खरी अडचण पुढे विकतची ट्रीट घेताना येते, मला हे जमायला फार वेळ लागला. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचूच नका. पुढे मोठ्या अक्षरात लॅम्ब आणि मागे बारीक अक्षरात चिकन मील, चिकन फॅट, असं सर्रास असतं. मागे 'मीट', 'पोल्ट्री', 'ॲनिमल डेरिव्हेटिव्ह्ज' किंवा 'ॲनिमल डायजेस्ट' असं मोघम लिहिलेलं दिसलं की पाकीट परत ठेवा, कारण नक्की कुठल्या प्राण्याचं ते कळायला मार्ग नाही. आणि लेबल नीट असलं तरी निर्धास्त होऊ नका, दुकानात मिळणाऱ्या डॉगफूडच्या तपासण्यांमध्ये लेबलवर नसलेलं प्रोटीन सापडलेलं आहे, म्हणून डाएट चालू असताना विकतची ट्रीट नकोच.

'ग्रेन-फ्री'च्या नादी तर अजिबात लागू नका. २०१६ मध्ये आधीच्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली होती, त्यात ॲलर्जी सिद्ध झालेल्या कुत्र्यांपैकी ३४ टक्क्यांना बीफ, १७ टक्क्यांना दुधाचे पदार्थ, १५ टक्क्यांना चिकन आणि १३ टक्क्यांना गहू बाधत होता. म्हणजे धान्य काढून त्याजागी चिकन भरलेली ट्रीट महाग मिळते आणि खाज तशीच राहते. उलट 'व्हेज' बिस्किटात बहुतेक वेळा गहू आणि दुधाची पावडर असते. रॉहाइड हे गुराचं कातडं, छुर्पी हे दूध नासवून, वाळवून केलेलं कडक चीज, हे कुणी सांगतच नाही. गोचिडाची चघळायची गोळी आणि कुत्र्याची टूथपेस्ट यांतही चिकन नाहीतर बीफचा फ्लेवर असू शकतो, डाएट चालू असताना बिनफ्लेवरचा पर्याय व्हेटकडूनच मागून घ्या, गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

वॉचमन काकांना आणि घरातल्या आजीला स्पष्ट सांगा, ग्लुकोज बिस्कीट आणि पोळीचा तुकडासुद्धा नाही. त्यांच्या हातात डाएटमधल्याच दाण्यांचा नाहीतर रताळ्याच्या चकत्यांचा डबाच देऊन ठेवा, म्हणजे कुणाचं मन मोडत नाही.

८ आठवड्यांनी फरक पडला तर व्हेटला विचारून एकेक पदार्थ परत देऊन बघायचा, एका वेळी एकच, दोन आठवडे. आधी नुसतं उकडलेलं चिकन, मग दुसरं काही. कॅलेंडरवर लिहून ठेवा, खाज कधी सुरू झाली ते लक्षात राहत नाही. जे सोसलं तेच एक घटक असलेल्या ट्रीटमध्ये घ्या: नुसता वाळवलेला मासा, नुसतं अंडं. गाजर, काकडी, लाल भोपळा यांचंही तसंच, एकेक करून. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (शुगर-फ्री पदार्थांत साखरेऐवजी घालतात ते) असलेलं काहीही कुठल्याच कुत्र्याला नाही.

ट्रीट दिवसाच्या कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. आणि एखादा ब्रँड सोसला तरी दर नव्या पाकिटाची मागची बाजू वाचा, कंपन्या घटक बदलतात आणि पाकीट मात्र तसंच ठेवतात.