पुळणीवरचे गोल्फ : लिंक्सवर प्रथमच खेळणाऱ्या पुणेकरासाठी

येरवड्याच्या मैदानावर वर्षानुवर्षे खेळलेला खेळाडू स्कॉटलंडच्या उत्तरेकडील लिंक्सवर पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा त्याची चूक बहुधा स्विंगमध्ये नसते, अंदाजात असते. चेंडू उंच उडवायचा आणि पाणी घातलेल्या मऊ ग्रीनवर (भोकाभोवतीच्या अगदी आखूड गवतावर) टप्प्यासरशी थांबवायचा, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. तेथे मात्र चेंडू जमिनीवरून चालवत न्यावा लागतो. हा एक बदल पुण्यातून निघण्यापूर्वी मनात पक्का केला, तर पुढची बरीच निराशा टळते. मी स्वतः तो केला नव्हता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये असलेला, नांगराखाली कधी न आलेला, वाळूचा उंचसखल गवताळ पट्टा म्हणजे लिंक्स. कोकणातली पुळण ज्याने पाहिली आहे, त्याला ही जमीन चटकन समजेल. आपल्याकडे वाळू धरून ठेवायला मर्यादवेल असते, तिकडे मॅरम नावाचे उंच, राठ गवत असते. वाळूत पाणी मुरून जाते, फेस्क्यू जातीचे बारीक गवत थोडक्या ओलाव्यावर तगते, आणि त्यामुळे जमीन कडक राहून चेंडू पडल्यानंतरही बराच घरंगळतो. समुद्र दिसतो म्हणून प्रत्येक मैदानाला लिंक्स म्हणता येत नाही. कड्यावरच्या चिकणमातीवरील मैदान कितीही देखणे असले, तरी त्यावर चेंडू असा धावत नाही.

उदाहरणासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील रॉयल डॉर्नॉख हे मैदान घेऊ. या गावात गोल्फ खेळल्याची नोंद 1616 सालची आहे, क्लब 1877 मध्ये स्थापन झाला आणि 1886 मध्ये त्या काळचे नामवंत गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस यांनी येऊन मैदानाची आखणी सुधारली. पुढे अमेरिकेत पाइनहर्स्टचे प्रसिद्ध मैदान घडवणारे डोनाल्ड रॉस याच गावात 1872 मध्ये जन्मले. त्यांच्या त्या मैदानावरील उपड्या परातीसारख्या ग्रीनचे मूळ येथे पायांखाली जाणवते.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो. लंडनहून इन्व्हर्नेसपर्यंत विमान आहे, शिवाय कॅलेडोनियन स्लीपर ही रात्रीची रेल्वेगाडीही आहे. तेथून मोटारीने सुमारे 70 किलोमीटर, म्हणजे तासाभराचा रस्ता. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. खेळण्याची वेळ काही महिने आधी राखून ठेवावी आणि हँडिकॅपचे (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या अंकाचे) प्रमाणपत्र जवळ ठेवावे, कारण नावाजलेले क्लब पाहुण्याकडे ते मागतात. जूनमध्ये तिथला सूर्य रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे उशिराची वेळ मिळाली म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही.

आता अंतराचा हिशेब. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे आणि आपण तीस-पस्तीस अंश तापमानात खेळतो. विरळ, उष्ण हवेत चेंडू लांब जातो. डॉर्नॉखला आपण समुद्राच्या पातळीजवळ आणि बारा-तेरा अंशांच्या गारठ्यात असतो, म्हणजे वारा नसतानाही साधारण एक क्लब जास्त, म्हणजे एक पायरी लांब पल्ल्याची काठी, घ्यावी लागते. येथे सात नंबरच्या आयर्नचे (धातूच्या डोक्याची काठी; नंबर जितका लहान, तितका पल्ला लांब) जे अंतर तुम्ही अभिमानाने सांगता, ते तिकडे सहा नंबरचे समजावे. वारा त्याच्यावर वेगळा.

समोरचा वारा जितके अंतर खातो, तितके पाठीमागचा वारा परत देत नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी अधिक महत्त्वाची : समोरून वारा आला की जोर लावण्याची इच्छा होते, पण जोराने मारलेल्या चेंडूला उलटी फिरकी अधिक मिळते, तो वर चढतो आणि वाऱ्यात लटकून जवळच पडतो. म्हणून दोन पायऱ्या मोठा क्लब घ्यावा, पकड थोडी खाली घ्यावी, चेंडू उजव्या पायाकडे किंचित सरकवावा आणि पाऊण स्विंगमध्ये शांतपणे मारावे. आडवा वारा असेल, तर त्याच्याशी भांडण्यापेक्षा वाऱ्याच्या बाजूला जागा सोडून नेम धरावा आणि चेंडू वाहत येऊ द्यावा. पटिंग करतानाही, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकाकडे घरंगळवतानाही, पाय नेहमीपेक्षा फाकवून उभे राहावे. ग्रीनवर चेंडू उचलून पुन्हा ठेवल्यानंतर तो वाऱ्याने हलला, तर मूळ जागी ठेवायचा असतो. अद्याप उचललाच नसेल, तर जेथे थांबेल तेथून खेळायचे. हा नियम तिकडे खरोखरच वापरावा लागतो.

जमिनीवरच्या खेळाचा धडा मला दुसऱ्या होलने दिला. तो तीन पारचा, म्हणजे तीन फटक्यांत पुरा होणे अपेक्षित असलेला, आहे, आणि तेथील सर्वांत अवघड फटका म्हणजे दुसऱ्या होलवरचा दुसरा फटका, असे गमतीने म्हणतात. माझा पहिला चेंडू ग्रीनवर पडला, क्षणभर थांबल्यासारखा वाटला आणि मग अगदी सावकाश, जणू काही आठवल्यासारखा, डावीकडच्या उतारावरून खाली गेला. मी सवयीने वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारी काठी, काढली. कडक जमिनीवरून तिची कड उसळली आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या उतारावर गेला. तिकडून पुन्हा वेज, पुन्हा मूळ जागा. ग्रीनच्या दोन्ही बाजू पाहून झाल्यावर मी पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवण्याची काठी) हातात घेतला, जो पहिल्यांदाच घ्यायला हवा होता. ग्रीनपासून पंधरा-वीस मीटरपर्यंत गवत आखूड असेल, तर पटर, आणि अंतर त्याहून जास्त असेल, तर सात नंबरच्या आयर्नने पटसारखाच हलका ठोका, हाच नियम ठेवावा. लांबच्या फटक्यातही चेंडू थेट भोकातल्या झेंड्यावर न टाकता ग्रीनच्या अलीकडे टाकून वर धावू द्यावा. याचा सराव पुण्यातच होतो : मार्च ते मे या काळात फेअरवे (ग्रीनकडे नेणारे आखूड गवताचे पट्टे) वाळून टणक झालेले असतात, तेव्हा आठवड्यातून एकदा वेज पिशवीतच ठेवून अठरा होल खेळावेत.

लिंक्सवरचे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, लहान, खोल आणि रचलेल्या हिरवळीच्या उभ्या भिंतीचे असतात. चेंडू भिंतीजवळ असेल, तर झेंड्याकडे पाहूच नये. आडवा किंवा मागे काढावा. तेही अशक्य वाटल्यास चेंडू खेळण्याजोगा नाही असे ठरवून, दोन फटक्यांचा दंड घेऊन, बंकरच्या बाहेर मागच्या बाजूस ठेवता येतो. ही सोय 2019 पासून आहे. त्याच वर्षापासून चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन झाली. त्यामुळे पिवळ्या फुलांच्या गोर्सच्या जाळीकडे चेंडू गेला, की जागेवरूनच तात्पुरता दुसरा चेंडू मारून पुढे निघावे. गोर्सचे काटे बाभळीइतके लांब नसतात, पण दाट असतात. एका चेंडूसाठी आत हात घालू नये.

पुण्याच्या खेळाडूला सर्वांत जास्त जाणवते ती कॅडीची उणीव. आपल्याकडे पिशवी, क्लब, अंतर आणि चेंडूचा माग हे सगळे दुसऱ्याच्या खांद्यावर असते. तिकडे आधी सांगून ठेवल्याशिवाय कॅडी मिळेलच असे नाही, आणि बरेच जण पिशवी स्वतः वाहतात किंवा ढकलगाडीवर नेतात. पहिल्या फेरीसाठी कॅडीवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कित्येक ठिकाणी टीवरून (पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) फेअरवे दिसतच नाही. त्याने सांगितलेल्या दिशेवर शंका घेऊ नये. मी एकदा घेतली.

छत्री नेऊ नये. ती पहिल्या झुळुकीतच उलटी होईल. पावसाळी जाकीट आणि विजार, लोकरीची टोपी, दोन्ही हातांचे पावसाळी हातमोजे आणि बुटांचा दुसरा जोड एवढे न्यावे. स्कॉटलंडमध्ये मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालण्याचा हक्क लोकांना आहे, त्यामुळे मैदानातून कुत्रा घेऊन जाणारे गावकरी दिसतील; ते पुढे जाईपर्यंत थांबावे. मागचा गट वेगवान असेल, तर त्याला वाट द्यावी.

दोन दिवस हाताशी असतील, तर दोन मैदाने पाहण्याचा मोह टाळून एकाच मैदानावर दोनदा खेळावे, जरी उत्तरेला जेमतेम 27 किलोमीटरवर ब्रोराचे सुंदर लिंक्स असले तरी. पहिल्या फेरीत गुणपत्रिका न भरता वारा कोठून येतो आणि चेंडू कोणत्या उतारावरून कोठे जातो, एवढेच टिपून ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्या टिपणासह टीवर जावे, मात्र आधी झेंड्यांकडे पाहावे, कारण रात्रीत वाऱ्याने दिशा बदललेली असू शकते.