दुःखाच्या घरी नाताळ, चर्चच्या मंडळीने काय करायचं

ज्या घरात यंदा कुणी गेलंय तिथे कॅरलवाल्यांनी (घरोघरी नाताळची गाणी म्हणणाऱ्यांनी) गिटार-ढोलकी घेऊन सरळ शिरू नका, आधी फोन करा, हो म्हणाले तर एकच गाणं हळू म्हणा नि प्रार्थना करून निघा. करंज्या-कलकल (नाताळचा तळलेला गोड फराळ) द्याच पण सोबत वरणभाताचा डबाही न्या, त्या घरी स्वयंपाक सुचत नसतो खरंच. ससून हॉस्पिटलला कुणी ॲडमिट असेल तर भेटायच्या वेळेतच, दोघांनीच जायचं, आणि कॅन्सरची केमो चालू असेल तर सर्दीवाल्यांनी अजिबात नाही, फुलंही नकोत. २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, पाळकसाहेबांना सांगून छोटी उपासना ठेवा, गेलेल्यांची नावं वाचा, मेणबत्त्या लावा, कुणी रडलं तर रडू द्या. ३१च्या रात्री वर्षअखेरच्या उपासनेला त्या घरच्यांना चर्चला न्यायला गाडी कोण काढणार तेही आत्ताच ठरवा.